लहरी जनतेच्या, बातमी सरकारची

१६ जुलै १९४८ रोजी नागपूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. विदर्भातील घरांत त्यामुळे गाणे पोहोचले, नाटक पोहोचले, शेतकऱ्याला हवामान कळू लागले. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु ध्वनिक्षेपक सरकारचा आणि कान तेवढे जनतेचे, ही वाटणी स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली. २६ जून १९७५ च्या सकाळी आणीबाणीची घोषणा देशाने याच आकाशवाणीवरून ऐकली. तुरुंगात कोणाकोणाला डांबले आहे, हे मात्र तिने सांगितले नाही.

नागपूर केंद्रानंतर नऊच महिन्यांनी, एप्रिल १९४९ मध्ये, अमेरिकेतील बर्कली येथे काही युद्धविरोधी मंडळींनी श्रोत्यांच्या वर्गणीवर चालणारे केपीएफए हे केंद्र काढले होते. आपल्याकडे हा विचार न्यायालयाच्या दारातून आला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. निकाल देणाऱ्या पीठात न्या. पी. बी. सावंत होते. खटला होता क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा! जनतेच्या हक्काला पुष्कळदा अशाच आडवाटेने यावे लागते.

त्यानंतरही स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची परवानगी मिळण्यास २००६ चा नोव्हेंबर उजाडला. शंभर वॅटचे प्रक्षेपण, पाच-दहा किलोमीटरचा टापू, नफ्याला मज्जाव. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर सातारा जिल्ह्यातील म्हसवडला २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ सुरू झाले. त्यामागची संस्था उभारणाऱ्या चेतना गाला सिन्हा जयप्रकाशजींच्या आंदोलनात घडलेल्या. दुष्काळाच्या त्या मुलखातील बायाबापड्यांना आणि लोककलावंतांना आपल्याच बोलीत बोलण्यासाठी हक्काचे ठिकाण मिळाले. शहरी उच्चारांची तेथे सक्ती नव्हती, हेही थोडे नव्हे.

पण परवान्याच्या अटींत एक मेख आहे. स्वतःची बातमी द्यायची नाही आणि राजकीय स्वरूपाचे काही बोलायचे नाही. हवी तर आकाशवाणीची बातमी जशीच्या तशी पुन्हा ऐकवावी. वर्तमानपत्राला जे खुले, दूरचित्रवाणीच्या धनाढ्य वाहिन्यांना जे खुले, ते गावाच्या रेडिओला बंद.

याचा अर्थ नागपूरकरांना समजावून सांगावा लागू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये मध्यरात्रीनंतर कोसळलेल्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत झोपलेल्या माणसांच्या घरांत पाणी शिरले. अशा वस्तीचे स्वतःचे केंद्र असते, तर प्रशासनाने धाडलेली धोक्याची सूचना त्याला वाचून दाखवता आली असती. नदीचे पात्र कोणी आवळले आणि बांधकामांना परवानगी कोणी दिली, याचा शोध घेऊन तो दुसऱ्या दिवशी प्रसारित करणे मात्र परवान्यावर गदा आणणारे ठरले असते. नदीकाठच्या माणसाला सूचनेइतकीच या उत्तराचीही गरज होती, कारण पुढच्या पावसाळ्यातही त्याला तेथेच झोपायचे होते.