पाचट पेटविण्यापूर्वी

राखेच्या बुधवारी कपाळावर लावावयाची राख कोठून येते, हे आपल्या घरांतील पुष्कळ मुलांना ठाऊक नसते. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी ज्या झावळ्यांना आशीर्वाद मिळाला, त्या वर्षभर घरातील क्रुसामागे खोचलेल्या असतात. वाळून पिवळ्या पडलेल्या त्या झावळ्या देवळात परत आणतात, जाळतात, आणि तीच राख उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी आपल्या माथी येते. जे एकदा पवित्र कार्यास लागले ते केरात टाकावयाचे नाही, असा त्यातील भाव आहे.

यंदा त्या दिवशी संध्याकाळच्या मिस्साहून घरी परतत असता वाटेवर एक वेगळीच राख पाहिली. संकेश्वरपासून निपाणीपर्यंत महामार्गाच्या दोहो बाजूंस उसाची तोड झालेली शेते पेटलेली होती. पाचटाच्या ज्वाळा पुरुषभर उंच उठत होत्या. काजळीची काळी कुसळे वाऱ्यावर तरंगत येऊन लोकांच्या अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर व उघड्या हौदांत पडत होती. हे दृश्य आपणांस नवे नाही. दर सुगीला हे घडते, आणि म्हणूनच त्याविषयी कोणी बोलत नाही.

आम्ही बोलण्याचे कारण निराळे आहे. आमच्या परिचयाचे दोन सख्खे भाऊ आहेत. वाटणी झालेली, बांधाला बांध लागून जमीन. गेल्या माघात थोरल्याने आपल्या रानातील पाचट पेटविले. वारा फिरला, आग बांध ओलांडून गेली, आणि धाकट्याचा कोवळा खोडवा, ठिबकच्या नळ्या व बांधावरची दोन आंब्याची झाडे होरपळली. नुकसानीचा आकडा पंचांनी ठरविला, थोरल्याने पैसेही दिले. परंतु तेव्हापासून रविवारी एक भाऊ देवळाच्या उजव्या बाजूस बसतो व दुसरा डाव्या. शांतीचे चिन्ह देताना दोघेही दुसरीकडे वळतात. त्यांची वृद्ध आई मधल्या बाकावर असते.

आता ज्या वस्तूपायी हे झाले, ती वस्तू काय किमतीची आहे ते पाहू.

एका एकरातील ऊस तुटून गेल्यावर मागे साधारण तीन ते चार टन पाचट राहते. त्यात नत्र शेकडा अर्धा भाग, स्फुरद त्याहून कमी, आणि पालाश शेकडा एक भागाच्या जवळपास असते. चार टनांचा हिशेब शाळेतील मुलानेही करावा : सुमारे वीस किलो नत्र व चाळीस किलोपर्यंत पालाश. हे आपण दुकानातून पिशव्या आणून विकत घेतो. काडी ओढली की नत्र जवळजवळ सर्व हवेत जाते. पालाश राखेत उरते, पण ती राख पहिल्या वाऱ्याने उडते किंवा पहिल्या पाण्याने वाहते. याखेरीज जे जाते त्याची पिशवी कोणत्याही दुकानात मिळत नाही. तो म्हणजे सेंद्रिय अंश, ज्यामुळे माती भुसभुशीत राहते, पाणी धरते, आणि ज्यावर तिच्यातील असंख्य सूक्ष्म जीव जगतात. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या कित्येक रानांत आज पाण्याचा निचरा होत नाही, पांढरे क्षार वर येतात. त्याला जादा पाणी हे मोठे कारण खरेच. पण उपाशी माती ते पाणी सोसू शकत नाही, हेही तितकेच खरे.

ही गोष्ट विद्वानांस आज कळली असे नव्हे. इंदूर येथे १९२४ साली वनस्पतिसंशोधनाची एक संस्था निघाली. तिचे प्रमुख सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज होते आणि रसायनाच्या कामात त्यांचे मुख्य सहकारी यशवंत वाड हे होते. त्या दोघांनी माळव्यातील कापसाच्या पऱ्हाट्या, तण, पालापाचोळा, गोठ्यातील शेण, आणि जनावरांच्या मूत्राने भिजलेली गोठ्याची माती यांचे थर रचून, पाणी शिंपून, तीनदा उलथापालथ करून तीन महिन्यांत उत्तम खत बनविण्याची रीत बसविली. १९३१ साली त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनहून प्रसिद्ध झाले. शेतीतील टाकाऊ पदार्थ हाच त्याचा विषय, आणि मुखपृष्ठावर दोघांचीही नावे. ही 'इंदूर पद्धत' पुढे आफ्रिकेतील कॉफीच्या मळ्यांपर्यंत गेली. हॉवर्डसाहेबांचे नाव जगभर घेतले जाते. वाडांचे नाव मात्र आपल्या शाळापुस्तकांत आम्हांस कधी आढळले नाही, याची थोडी खंत वाटते.

या रीतीतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे गोठ्याची मूत्रमाती. आपल्याकडे आजही गोठा धुतात व ते पाणी गटारात सोडतात. शेण मोलाचे, मूत्र घाण, असा आपला समज. वास्तविक जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्राचा मोठा वाटा मूत्रातून जातो. गोठ्यात मातीचा थर पसरून तो अधूनमधून उकरून खताच्या ढिगात घालावा, एवढाच उपाय. त्याला पैसा लागत नाही, लागते ती सवय.

पाचटाविषयी आपल्या भागास लागू पडणारा सल्ला पाडेगावचा आहे. सातारा जिल्ह्यातील पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून चालू आहे व आज ते राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे. को ८६०३२ हा जो ऊस आपल्याकडे घरोघर लावलेला असतो, तो आपल्या शेतापर्यंत पोहोचविणारे हेच केंद्र. त्यांची शिफारस अशी : पाचट जाळू नये, सरीत पसरावे, बुडखे जमिनीलगत छाटून घ्यावेत, आणि पाचटाच्या प्रत्येक टनास आठ किलो युरिया, दहा किलो सुपर फॉस्फेट व एक किलो पाचट कुजविणारे जिवाणू-संवर्धन टाकून पाणी द्यावे. युरिया कशाला, असे पुष्कळजण विचारतात. पाचटात कर्ब फार व नत्र थोडे. कुजविणाऱ्या जिवाणूंना कर्ब खाताना नत्राचीही गरज पडते, आणि ते पाचटात पुरेसे न मिळाले तर ते जमिनीतले ओढून घेतात. मग खोडवा पिवळा पडतो व शेतकरी म्हणतो, 'बघा, पाचट ठेवलं म्हणून पीक बसलं.' तो आठ किलो युरिया जिवाणूंची शिदोरी होय. पुढे तेच जिवाणू मरतात आणि घेतलेले नत्र पिकाला परत देतात.

हे सर्व आम्ही त्या थोरल्या भावास त्याच्या ओट्यावर बसून सांगितले. तो ऐकून घेणारा मनुष्य आहे. मग म्हणाला, "मास्तर, तुमचं खरं हाय. पण पाचटात पाणी पुढं सरकत न्हाई. वीज रात्रीची येते. बॅटरी घेऊन अंधारात पाचटात पाय घालायचा म्हंजे खाली घोणस हाय का उंदीर, कळतंय व्हय? आणि सरीत पाचट दाबायला माणसं कुठनं आणू? काडी एक रुपयाची."

या बोलण्यास उत्तर नाही असे नाही, पण ते सोपे आहे असेही आम्ही म्हणणार नाही. एक आड एक सरीत पाचट ठेवले तर मोकळ्या सरीतून पाणी चालते. यंत्राने कुट्टी केली तर पाचट बसते, सापाला लपायला जागा कमी राहते व कुजणेही लवकर होते. आच्छादनामुळे तण थोडे उगवते व पाण्याची एखादी पाळी वाचते. परंतु कुट्टीचे यंत्र प्रत्येकाच्या दारी नसते आणि रात्रीची वीज ही काही शेतकऱ्याने मागून घेतलेली नाही. शहरात बसून शेतकऱ्याला धुराचा दोष देणारांनी एकदा माघाच्या रात्री घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहून पाहावे. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या चुलीसाठी वापरण्याची युक्ति काढली व तिला २००२ साली इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक मिळाले. तीही उत्तम, पण आमच्या मते पाचटाचे पहिले घर रान हेच.

वस्तू फिरून पुन्हा उपयोगी यावी, या विचारास आता विद्यापीठांतून 'चक्रीय अर्थव्यवस्था' असे भारदस्त नाव मिळाले आहे. नाव नवे असले तरी आपल्या वडिलांचे गुऱ्हाळ आठवून पाहा. उसाचे वाडे तोडकऱ्यांच्या बैलांना. रस काहिलीत. चिपाडे उन्हात वाळवून चुलवाणात, म्हणजे उसाच्याच सरपणावर उसाचा गूळ. रसावर येणारी मळी काढून खताला. चुलवाणातील राख रानाला. गुळव्याने कोणत्याही विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती. कारखान्यांनी हेच मोठ्या प्रमाणावर केले : शंभर टन उसातून अठ्ठावीस-तीस टन भुसा निघतो, त्यावर बाष्पक चालतो व उरलेली वीज विकली जाते, मळीपासून मद्यार्क होतो आणि तो पेट्रोलात मिसळतो, गाळातून तीन-चार टन प्रेसमड निघते, ते कुजवून खत होते. बेळगावात याच उद्योगाच्या शिक्षण-संशोधनासाठी निजलिंगप्पांच्या नावाची साखर संस्था आहे. कारखान्याच्या आवारात वाया काही जात नाही, कारण तेथे प्रत्येक गोष्टीचे वजन होते. रानातील पाचटाचे वजन कोणी करीत नाही, म्हणून ते जळते.

निपाणीकरांना तंबाखूही आठवेल. धारवाडच्या कृषि विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र निपाणीत आहे व विडीच्या तंबाखूवर तेथे काम होते. तंबाखूचा चुरा पाण्यात भिजवून त्याचा काढा माव्यावर फवारणे ही जुनी रीत. त्यातील निकोटिन किडीस मारते. पण जे किडीस मारते ते हाताळणाऱ्यास औषध ठरत नाही. वखारींतून आयुष्यभर तंबाखू चाळणाऱ्या बायकांचा खोकला ज्याने ऐकला आहे, तो त्या पिकाविषयी फार कौतुकाने बोलणार नाही. टाकाऊचा उपयोग करताना तो कोणाच्या छातीतून जातो, हेही पाहावे लागते.

शहराचा कचरा हा तर वेगळाच अध्याय. १९३९ च्या सुमारास बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. आचार्य यांनी शहरातील केर व मैला खड्ड्यात थराथराने भरून, वरून मातीने लिंपून, न उलथता सहा ते आठ महिन्यांत खत करण्याची पद्धत सिद्ध केली. 'बंगळूर पद्धत' म्हणून ती देशभर गेली आणि कित्येक नगरपालिका खत विकून चार पैसे मिळवू लागल्या. त्या काळी केर म्हणजे राख, पाला, भाजीची देठे. आज त्याच खड्ड्यात प्लॅस्टिक, काच व औषधांच्या बाटल्या येतात, आणि खताऐवजी विष तयार होते. बेळगावचा कचरा तुरमुरीच्या बाजूस नेऊन टाकतात. शहराचा केर आणि दुर्गंध गावाचा, अशी ही वाटणी. ओला व सुका कचरा घराच्या उंबऱ्यातच वेगळा करावा असे २०१६ च्या नियमांनी सांगितले. आपल्या सणाच्या जेवणानंतर देवळामागे पडलेल्या पत्रावळींचा व पाण्याच्या बाटल्यांचा ढीग पाहिला, म्हणजे ते नियम आपल्या धर्मग्रामापर्यंत पोहोचले की नाहीत याची शंका येते.

या कामात हात घाण होतात, म्हणून आपण ते दुसऱ्यावर सोपवितो. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी ही चाल मोडावयाचे ठरविले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना सफाईचे काम आपणांस करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले. पुढे कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात मैल्यापासून खत करण्याचे प्रयोग चालविले. त्यांच्यापासून प्रेरणा घेतलेले डॉ. मापुसकर १९५९ साली देहूच्या आरोग्यकेंद्रात आले. औषध देऊन रोगी बरे होत, व उघड्यावरच्या घाणीने पुन्हा आजारी पडत. तेव्हा त्यांनी गावात संडास बांधण्याचे काम हाती घेतले, आणि पुढे संडासाला जोडलेली गॅसची संयंत्रे केली. चूल पेटे, आणि उरलेला राडा खताला जाई. मरणोत्तर २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आयुष्यभर ज्याच्यापासून लोक नाक मुरडतात त्यात त्यांचे हात होते.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले. त्यात त्यांनी फेकून देण्याच्या संस्कृतीवर बोट ठेवून सांगितले आहे की, निसर्गात एकाचे उरलेले दुसऱ्याचे अन्न होते. माणसाच्या कारखानदारीने मात्र हे वर्तुळ अद्याप साधलेले नाही. पाच भाकरींच्या चमत्कारानंतर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास लावले, हे आपण दरवर्षी ऐकतो. ज्याला पाच भाकरींतून पाच हजारांना जेवू घालता येते, त्याला बारा टोपल्या तुकड्यांची गरज ती काय? तरी त्याने ते गोळा करविले. या भागावर प्रवचन ऐकताना आमचे लक्ष पूर्वी चमत्काराकडे असे. अलीकडे ते त्या टोपल्यांकडे जाते, आणि त्या कोणी वाहून नेल्या असतील असाही विचार येतो.

असो. त्या थोरल्या भावाने यंदा काय केले ते सांगावयाचे राहिले. दोन एकर तोड झाली. दीड एकर त्याने पेटविलेच. पण आधी चारी बाजूंनी पाच हात पट्टा मोकळा केला, पंप चालू ठेवला, आणि वारा पडेपर्यंत काडी ओढली नाही. बांधाकडेचा अर्धा एकर मात्र त्याने राखून ठेवला. तेथे पाचट सरीत घालावयाचे तर कुट्टीचे यंत्र पाहिजे, आणि त्या शिवारात ते एकाकडेच आहे : धाकट्याकडे. तीन दिवस पाचट तसेच पडून होते. चौथ्या दिवशी त्यांची आई काठी टेकीत बांध ओलांडून धाकट्याच्या घरी गेली. दुपारी यंत्र आले. धाकटा स्वतः ट्रॅक्टरवर होता. अर्धा एकर संपवून तो तसाच परत गेला. थोरल्याने भाडे विचारले, तेव्हा त्याने मान हलवून नको म्हटले. देवळात अजून एक उजवीकडे व एक डावीकडेच बसतो. खोडव्याला पहिले पाणी गेल्या सोमवारी दिले.