मूल कोणाचे, घर कोठले?

गिरगाव, दादर, परळ या भागांतील मध्यमवर्गीय घरांतून मुलेमुली परदेशी जातात, याचे आता कोणास अप्रूप राहिलेले नाही. त्यांच्यापैकी काही जण विवाह न करताच एकत्र राहतात, तेथे त्यांना अपत्य होते, आणि सहजीवन मोडले की आई मुलास घेऊन आजीआजोबांकडे परतते. अशा वेळी नातेवाईक चर्चा करतात ती विवाह का केला नाही याची. मुलाने कोठे व कोणाजवळ राहावे, हा खरा प्रश्न मागे पडतो.

आपला कायदा निदान देशातल्या देशात अशा मातेच्या बाजूने आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार औरस संततीचा नैसर्गिक पालक प्रथम पिता असतो; विवाहबाह्य संततीबाबत मात्र हा मान प्रथम मातेचा आहे. पालकत्वासाठी अर्ज करणाऱ्या अविवाहित मातेवर पित्याचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरविले. पण मध्ये समुद्र आला की सारे चित्र पालटते.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या पत्नीस अवलंबित म्हणून राहता येते. विवाह न झालेल्या सहचारिणीस ती सवलत नाही. स्वतःचा व्हिसा संपला की तिला देश सोडावाच लागतो. मुलाजवळ मात्र बहुधा अमेरिकन पारपत्र असते. पिता तेथील न्यायालयात गेला, तर तिला हजर राहण्यास व्हिसा नाही आणि वकिलास देण्यास डॉलर नाहीत. हक्क बजावण्याचा खर्च ज्याला परवडत नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको.

सोळा वर्षांखालील मुलास परस्पर दुसऱ्या देशी नेल्यास त्याला नेहमीच्या वास्तव्याच्या देशी त्वरेने परत पाठवावे, असा १९८० चा हेग करार आहे. भारत त्यात सामील नाही. विधी आयोगाने २००९ मध्ये सामील होण्याची शिफारस केली, २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही दिला. २०१८ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल समितीचा अहवाल आला. कायदा मात्र झाला नाही. छळाला कंटाळून परतलेल्या स्त्रियांना पुन्हा त्याच घरी लोटले जाईल, ही विरोधकांची भीती अनाठायी नाही. गंभीर धोका असल्यास मूल परत न पाठविण्याची मुभा करारात आहे. परंतु तो धोका सिद्ध करण्याचा भार तिच्यावरच पडतो.

कायद्याअभावी न्यायालये मुलाच्या हिताची कसोटी लावतात. मुंबईच्या न्यायालयांतून वर गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सांगितले, की परदेशी न्यायालयाचा आदेश हा विचारात घ्यावयाचा एक मुद्दा आहे; मुलाचे हित त्याहून श्रेष्ठ होय. २०१७ मध्येही त्याने तेच तत्त्व मान्य केले. तत्त्व निर्विवाद आहे. परंतु १९९७ चा तो निकाल लागेपर्यंत मुलाने भारतात बारा वर्षांहून अधिक काळ काढला होता. इतक्या वर्षांत मूल येथली भाषा बोलू लागते, येथल्या शाळेत रुळते, आणि मग त्याचे हित येथेच आहे असे म्हणण्यावाचून गत्यंतर उरत नाही. म्हणजे निर्णय न्यायाधीशाआधी विलंबानेच दिलेला असतो. मूल घेऊन येणारा पिता असला, तर हाच विलंब आईवर उलटतो.

म्हणून स्वतंत्र कायदा हवा, आणि त्यात निकालाची मुदत हवी. मूल परत पाठवावयाचे असेल, तर आईचा व्हिसा, निवारा, निर्वाह व वकिलाचा खर्च यांची हमी तेथील न्यायालयाच्या आदेशाने आधी मिळाली पाहिजे. माता व पिता दोघांचेही म्हणणे ऐकले जावे. त्यांचा विवाह झाला होता की नाही, यावरून मुलाचे भवितव्य ठरू नये. आईबापांनी काय केले याची झळ मुलाला लागू न देणे, एवढे तरी कायद्याने पाहावे.