दैवावर उतरणारी विमाने

21 मे 2018 रोजी मुंबईहून आलेले अलायन्स एअरचे एटीआर विमान शिर्डीच्या धावपट्टीवर थांबले नाही, ते पट्टी ओलांडून पुढे गेले. वर्ष उलटायच्या आत, 29 एप्रिल 2019 रोजी, दिल्लीहून आलेले स्पाइसजेटचे बोइंग त्याच विमानतळावर धावपट्टीबाहेर गेले. आणि दोन्ही वेळी ‘सर्व प्रवासी सुखरूप’ एवढे ऐकून साऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, साईबाबांची कृपा म्हणून हात जोडले. बाबांच्या कृपेवर धावपट्टी सोपवता येत नाही.

चाके टेकली म्हणजे विमान उतरले, हा भ्रम आहे. आडवा वारा शेपटीवर आदळतो, नाक वाऱ्याकडे वळू लागते. वेग असेतो वैमानिकाच्या पायाखालचे रडरचे पेडल काम करते, पण वेग ओसरला की शेपटीला हवेची पकड उरत नाही आणि सारी भिस्त चाकांवर व ब्रेकवर येते. या मधल्या काही सेकंदांत पाय उशिरा पडला, घाबरून जास्त पडला, किंवा एका बाजूचा ब्रेक कमी लागला, की लहान, हलके विमान पाहता पाहता कडेच्या मातीत जाते. हे पाय घडवण्याचे काम ज्या प्रशिक्षण संस्थांचे, त्यांची अवस्था काय? आमच्या शेजारच्या बारामतीत ऑक्टोबर 2023 मध्ये 19 आणि 22 तारखेला, चार दिवसांत, रेडबर्ड या एकाच संस्थेची दोन विमाने कोसळली, तेव्हा कुठे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तिची मान्यता स्थगित केली. कर्ज काढून पोराला वैमानिक करणाऱ्या बापाने हा जाब कोणाला विचारायचा?

वैमानिक कितीही कसलेला असो, त्याच्या क्षणाच्या चुकीला पोटात घेणारी जागा धावपट्टीच्या टोकाला व कडेला हवी, हे मंगळूरने 2010 च्या विमान अपघातात 158 जीव देऊन सांगितले. ते कोणी ऐकले? 7 ऑगस्ट 2020 रोजी कोळिकोडच्या पठारी धावपट्टीवरून विमान दरीत गेले, 21 माणसे मेली, आणि त्यांत नागपूरचे दीपक साठे हे हवाई दलात अनेक वर्षे सेवा केलेले कप्तानही होते. दहा वर्षे वाया गेली.

साईसमाधी शताब्दीचा मुहूर्त साधून 1 ऑक्टोबर 2017 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले. पुढे 2019 च्या नोव्हेंबरात धूसर हवेने उड्डाणे रद्द होत राहिली, रात्री विमान उतरायलाही पुढे काही वर्षे लागली. समारंभाला विलंब होत नाही, साधनांना होतो. आता धावपट्टी वाढवण्याच्या घोषणा होत आहेत. त्याआधी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने 2018 व 2019 च्या दोन्ही घटनांत नेमके काय चुकले, त्यानंतर काय सुधारले, पावसाळ्यात पट्टीवर चाकांची पकड किती राहते, आणि टोकाला किती मोकळी जागा आहे, हे अहिल्यानगर जिल्ह्याच्या जनतेपुढे स्वच्छ मराठीत मांडावे. विमानतळासाठी काकडी गावच्या माळावर जमीन या जिल्ह्याने दिली आहे. हिशेब मागण्याचा हक्क याच जिल्ह्याचा आहे.