चौकटीबाहेर कोणी राहू नये

गावातील एका तरुणाने संकेतस्थळावर घरच्या छायाचित्रांचे दालन उभारले. सारखे चौकोन, सरळ ओळी. पाहून सर्वांस संतोष वाटला. इतक्यात आजीने विचारले, "अरे, लग्नाच्या चित्रात मी कोठे आहे?" ती अगदी कडेला उभी होती; चौकोन साधताना तीच कापली गेली होती.

दोष हेतूचा नव्हता, एका शब्दाचा होता. मांडणीच्या सीएसएस भाषेत 'ऑब्जेक्ट-फिट' अशी एक सूचना आहे. तिच्यापुढे 'कव्हर' लिहिले की चौकट पूर्ण भरते. परंतु आडव्या चित्राच्या दोन्ही कडा नाहीशा होतात. 'कंटेन' लिहिले की चित्र संपूर्ण दिसते. वरखाली थोडी जागा रिकामी राहते, इतकेच.

ओळींची चिंता नको. 2017 पासून प्रमुख ब्राउझरांत रुळलेल्या 'ग्रिड' मांडणीत 'ऑटो-फिल' योजून चौकटीची किमान रुंदी, समजा 150 पिक्सेल, ठरविली की फोनवर दोन व रुंद पडद्यावर अधिक चित्रे आपोआप बसतात. प्रत्येक चित्राची रुंदी व उंची नोंदवावी, म्हणजे चित्र उशिरा आले तरी पान हलत नाही. तसेच चित्रात कोण आहे, हे पर्यायी मजकुरात लिहावे. दृष्टिहीनांचा संगणक तो वाचून दाखवितो.

तरुणाने तो एक शब्द बदलला. आजी पुन्हा लग्नात येऊन उभी राहिली. ओळ सरळ दिसावी म्हणून माणूस कापू नये, हे घरातही ध्यानी ठेवण्याजोगे आहे.