नाव विचारूनच पुकारा



ओपीडीच्या गर्दीत नावांच्या उच्चारांचे चोचले कशाला, नंबर पुकारला की झाले, हा एका पत्रलेखकाचा युक्तिवाद पटत नाही. रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवावी आणि खोलीचा क्रमांक त्यात धरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितले आहे. म्हणजे नाव ही उपचारातलीच पायरी आहे. केसपेपरवर इंग्रजी लिपीत लिहिलेले आडनाव काळे, काले किंवा कळे असे कसेही वाचता येते. चुकीच्या हाकेला खरा रुग्ण उठत नाही, कधी भलताच उठतो. गर्दीची अडचण खरी, पण घोटाळाही गर्दीतच अधिक होतो. शिवाय माडिया आदिवासी किंवा परप्रांतीय माणसाचे नाव ‘अवघड’ ठरवून मोडणे हा अपमानच, आणि अपमानित माणूस पुन्हा दवाखान्याची पायरी चढायला कचरतो. नोंदणीच्या खिडकीवर नाव देवनागरीतही लिहा, उच्चार रुग्णालाच विचारा.