भाजीतलं औषध : यंत्राइतकीच यादीही महत्त्वाची

"डॉक्टर, भाजी नीट धुतली की फवारणीचं औषध निघून जातं ना?" हा प्रश्न आपल्या आसनगाव-शहापूर भागात नेहमी विचारला जातो. थोडक्यात उत्तर असं, की वर बसलेलं औषध बरंचसं जातं, झाडाने आत शोषलेलं जात नाही. पण "माझ्या भेंडीत नक्की काय आहे?" असं तुम्ही पुढे विचारलंत, तर त्याचं उत्तर कुठल्याच डॉक्टरकडे नसतं. ते तुम्हाला मिळायला हवं, असं माझं मत आहे.

हे अंश शोधतात कसे?

त्यासाठी मास स्पेक्ट्रोमेट्री वापरतात. भाजीचा लगदा करून त्यातली रसायनं द्रावणात उतरवतात. यंत्र त्या रेणूंना विद्युतभार देतं आणि वजनानुसार वेगळं करतं. मग हवा तो रेणू फोडून त्याच्या तुकड्यांचंही वजन बघतं. रेणूचं आणि तुकड्यांचं वजन जुळलं की ओळख पटते.

हे किती बारीक काम आहे बघा. ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात साधारण किलोला ०.०१ मिलिग्रॅम एवढीच सूट असते. म्हणजे दहा टन भेंडीत मिळून एक दशांश ग्रॅम! एवढंसं रसायनही हे यंत्र पकडतं.

पण अशा तपासणीत यंत्राला आधी यादी द्यावी लागते. गाडीतला टीसी हातातल्या तक्त्यावरची नावं तपासतो, तसंच हे आहे. यादीत नसलेलं रसायन समोरून गेलं तरी नोंद होत नाही. मलेरियाची तपासणी निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असं आपण म्हणत नाही. इथेही "काही सापडलं नाही" याचा अर्थ "यादीतलं काही सापडलं नाही" एवढाच.

द्राक्षांनी शिकवलेला धडा

२०१० च्या हंगामात महाराष्ट्राची द्राक्षं युरोपात अडकली. त्यांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं होतं. वेलीची वाढ रोखण्यासाठी बागायतदार वापरतात ते 'सीसीसी' किंवा 'लिहोसिन' हेच. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आपल्याकडे निर्यातीआधी द्राक्षांची तपासणी झालेली होती, पण तपासायच्या यादीत हे नावच नव्हतं. शिवाय हे रसायन पाण्यात इतकं सहज विरघळतं, की शेकडो कीटकनाशकं एकदम शोधण्याच्या नेहमीच्या पद्धतीत ते हाती लागत नाही. त्याची वेगळी चाचणी करावी लागते.

यंत्रं होती, शिकलेली माणसं होती. "तिकडे हे तपासतात" ही माहिती मात्र वेळेत इकडे पोहोचली नाही आणि त्याची किंमत बागायतदाराने मोजली. पुढे ते नाव यादीत आलं. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा या कामात देशासाठी संदर्भ प्रयोगशाळा आहे. निर्यातीच्या द्राक्षांत कोणती रसायनं तपासायची याची यादी नियमित सुधारली जाते.

मग आपल्या भेंडीचं काय?

शहापूर-मुरबाडची भेंडीही परदेशी जाते. युरोपच्या सीमेवर भारतीय भेंडीची जादा तपासणी होते. तिथे एखादा माल नाकारला गेला तर वस्तू, देश, रसायन आणि प्रमाण ही माहिती युरोपच्या 'रॅस्फ' या इशारा यंत्रणेच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. व्यापाऱ्याचं नाव त्यात नसतं, पण ग्राहक सावध होतो आणि प्रयोगशाळांना पुढे काय शोधायचं ते कळतं.

त्याच तालुक्यातली, कदाचित शेजारच्याच शेतातली भेंडी तुम्ही आसनगाव स्टेशनबाहेर घेता. तिच्याबद्दल तुम्हाला काय कळतं? केंद्र सरकारचा भाजीपाल्यातील कीटकनाशक अंशांच्या तपासणीचा कार्यक्रम २००५-०६ पासून आहे. ते काम चांगलं आहे, पण देशभराच्या एकत्र आकड्यांतून तुमच्या बाजाराबद्दल काही समजत नाही. लंडनच्या ताटातली भेंडी तपासलेली आणि आपल्या ताटातली देवाच्या भरवशावर, हे मला पटत नाही.

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. तालुक्याच्या बाजारातले नमुने नियमित तपासले जावेत. निकाल काही दिवसांत, मराठीत, पीक-रसायन-प्रमाण या स्वरूपात जाहीर व्हावेत. आणि प्रत्येक अहवालासोबत काय काय शोधलं त्याची यादी असावी.

शेतकऱ्याचं नाव जाहीर करायची गरज नाही. त्याला आरोपी करून काही साधणारही नाही. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. औषधाच्या लेबलवर काढणीपूर्वी थांबायचे दिवस लिहिलेले असतात, पण तेवढे थांबलं तर भेंडी जून होते. कोणतं औषध घ्यावं हे त्याला बहुतेकदा कृषी सेवा केंद्राचा दुकानदारच सांगतो. बाजारातले निकाल खुले झाले तर पहिला फायदा त्या शेतकऱ्यालाच होईल.

तोवर तुम्ही काय कराल?

• भाजी खाणं सोडू नका. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा किंचित जास्त अंश म्हणजे लगेच विषबाधा नव्हे. भाज्या न खाण्याचं नुकसान मोठं आहे.

• भेंडी चिरण्याआधी अख्खी, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

• रोज एकच भाजी नको, आलटून पालटून घ्या.

• ओळखीच्या भाजीवाल्या मावशींना "फवारणी कधी केली होती?" असं विचारा. दहा जणांनी विचारलं की शेतावर फरक पडतो.

• खरा मोठा धोका खाणाऱ्यापेक्षा फवारणाऱ्याला असतो. फवारणीनंतर खूप घाम, तोंडाला लाळ, उलट्या, धूसर दिसणं, श्वासाला त्रास यांपैकी काही झालं तर कपडे काढून अंग साबणाने धुवा आणि ताबडतोब दवाखान्यात आणा. येताना औषधाची बाटली किंवा लेबल सोबत आणा, दोन औषधं मिसळली असतील तर दोन्हींची. तालुक्याच्या दवाखान्यात मास स्पेक्ट्रोमीटर नसतो. तिथे रुग्णाच्या पोटात काय गेलं हे सांगणारा तो कागदच डॉक्टरच्या कामी येतो.