बोर्ड कपाटात, प्रोजेक्ट बाजारात



मूल्यांकन समिती आली की अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्रयोगशाळेतले एक कपाट उघडले जाते. आत आर्डुइनो, ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको हे मायक्रोकंट्रोलर बोर्ड ओळीने मांडलेले. काहींची पिशवीही फोडलेली नसते. समिती गेली की कुलूप, आणि विद्यार्थी बाजारात. सुट्या भागांसाठी पुण्याची तपकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड पूर्वीपासून प्रसिद्ध आहेत, पण आता अहवालासकट तयार प्रोजेक्ट विकणारेही सगळीकडे सापडतात. यावर महाविद्यालयांचा उपाय एकच: आणखी बोर्ड घ्या.

हे निदानच चुकीचे आहे. उणीव बोर्डांची नाही, मार्गदर्शनाची आहे.

आर्डुइनोचा इतिहासही तेच सांगतो. इटलीतल्या इव्रिया गावच्या डिझाइन संस्थेत एर्नान्दो बारागान या विद्यार्थ्याने २००३ मध्ये प्रबंधासाठी ‘वायरिंग’ हा बोर्ड केला. मार्गदर्शक होते मासिमो बान्झी आणि केसी रीस. त्याच कामाच्या पायावर बान्झी व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आर्डुइनो उभा केला. (श्रेय कोणाचे किती, हा वाद अजून मिटलेला नाही.) त्यातली चिप बाजारात कोणालाही मिळत होती. नवे होते ते एवढेच, की इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेला विद्यार्थी नेमका कुठे अडतो याचा कोणीतरी विचार केला होता.

आपल्याकडे हा विचार करायला माणूसच नेमलेला नसतो. दुसऱ्या वर्षाची मुलगी अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर ईएसपी३२ला जोडते. सेन्सर उलट पाठवतो ५ व्होल्ट, तर बोर्डाची पिन ३.३ व्होल्टची. इंटरनेटवरून उतरवलेला कोड पहिल्या दिवशी चालतोही, आणि पुढे कधीतरी पिन दगावते. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवायचे असते, हे शेजारी उभा असलेला सीनियर अर्ध्या मिनिटात सांगेल. सर्व्हो मोटर फिरली की बोर्ड रीसेट का होतो, दोन सर्किटचे ग्राउंड जोडले नाही तर रीडिंग का भरकटते, हेही तसेच.

यूट्यूबवर सगळे आहे, असे यावर सांगितले जाते. व्हिडिओला समोरचा ब्रेडबोर्ड दिसत नाही. आयआयटी मुंबईच्या ‘ई-यंत्र’ उपक्रमाने महाविद्यालयांत प्रयोगशाळा उभ्या करताना शिक्षकांचे प्रशिक्षणही सोबत ठेवले, ते उगाच नव्हे. शिक्षकांना वेळ नाही ही तक्रार मात्र खरी आहे. म्हणूनच तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातून दोन तास खालच्या वर्गांना मार्गदर्शन करावे आणि त्याचे क्रेडिट त्यांना मिळावे. फुकटची समाजसेवा म्हणून हे काम परीक्षा जवळ येईपर्यंतच टिकते.

दुसरी अडचण टिकाऊ सामानाची नोंद ठेवणाऱ्या डेडस्टॉक रजिस्टरची. काही शे रुपयांचा बोर्ड त्यात एकदा चढला, की जळाला तर उत्तर कोणी द्यायचे या धास्तीने प्रयोगशाळा सहायक तो हाती देतच नाही. हे बोर्ड रेझिस्टरप्रमाणे वापरून संपणाऱ्या सामानात धरावेत. वर्षाला दहा-बारा जळणारच, तेवढी तरतूद आधीच करावी.

आणि तोंडी परीक्षेत चालता प्रोजेक्ट पाहून सही करण्याआधी परीक्षकांनी एका तारेवर बोट ठेवून ‘ही काढली तर काय होईल?’ एवढे विचारावे. विकतचा प्रोजेक्ट कोणता, ते तिथल्या तिथे कळेल.

— एक वाचक, पुणे